ट्रॉपिकल स्टाउट घरी तयार करताना: यीस्ट, तापमान आणि टप्प्यांचा नेमका क्रम

ट्रॉपिकल स्टाउट (गोडसर, फळांच्या गंधाची काळी बिअर) करायला घेतलेल्या बिअरचा शेवट बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणत्यातरी बिअरमध्ये होतो. काही जण नेहमीचे एल यीस्ट (उबदार तापमानात काम करणारे) आणि भरपूर भाजलेली बार्ली वापरतात आणि त्यांच्या हाती कोरडा, कडवट एक्स्पोर्ट स्टाउट लागतो. काही जण गोडवा हवा म्हणून लॅक्टोज (दुधातील साखर) घालतात आणि मिल्क स्टाउट करून बसतात. तिसरा गट कृतीत ‘लागर यीस्ट’ (सहसा थंडीत काम करणारे) हे शब्द वाचून फर्मेंटर, म्हणजे किण्वनाचे भांडे, थेट १० अंशांवर ठेवतो. त्यातून स्वच्छ, पण या प्रकारात अपेक्षित असलेल्या फळांच्या सुगंधाला पारखी झालेली काळी लागर तयार होते. या तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे. या स्टाउटचा स्वभाव लागर यीस्ट उबदार, पण काटेकोरपणे सांभाळलेल्या तापमानात काम करते त्यातून येतो आणि त्याचा गोडवा माल्टमधील न आंबलेल्या शर्करांतून येतो. या दोन गोष्टी आधी ठरवून बाकीची कृती त्यांच्याभोवती बसवली, तरच हा प्रकार जमतो.

लक्ष्य काय आहे, हे आकड्यांत सांगितलेले बरे. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रामच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार ट्रॉपिकल स्टाउटची सुरुवातीची घनता (पाणी १.००० धरून; विरघळलेली साखर जास्त तितका आकडा मोठा) १.०५६ ते १.०७५, अंतिम घनता १.०१० ते १.०१८, कडवटपणा ३० ते ५० आयबीयू (कडवटपणाचे एकक) आणि मद्यांश ५.५ ते ८ टक्के असतो. जमैकाचा ड्रॅगन स्टाउट किंवा श्रीलंकेचा लायन स्टाउट ज्यांनी चाखला आहे, त्यांना मनुका, काकवी आणि रमची आठवण करून देणारा गोडसर गोलवा ओळखीचा असेल. भाजलेल्या धान्याची चव त्यात असते, पण ती मागे राहते. खालील कृती फर्मेंटरमध्ये २० लिटर वॉर्ट (न आंबलेले गोड माल्टचे द्रावण) मिळेल अशी आखली असून तिचे लक्ष्य १.०६४ सुरुवातीची घनता, १.०१६ च्या आसपास अंतिम घनता आणि सुमारे ६.३ टक्के मद्यांश हे आहे. लेखातील सर्व तापमाने सेल्सिअसमध्ये आहेत.

हा लेख पूर्ण धान्यापासून किमान एक-दोन वेळा बिअर केलेल्या वाचकांसाठी आहे. आपण राहता तेथे घरी बिअर तयार करण्यास कायद्याने परवानगी आहे का, हे साहित्य मागवण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

## टप्पा १: धान्याआधी तापमानाची सोय

बहुतेक कृती धान्याच्या यादीने सुरू होतात. येथे मात्र फर्मेंटर कोठे आणि कसा थंड ठेवणार, हे पहिले ठरवावे लागते, कारण ती सोय नसेल तर पुढची सारी मेहनत वाया जाते.

किण्वन ऐन भरात असताना यीस्ट स्वतः उष्णता निर्माण करते आणि फर्मेंटरमधील द्रव खोलीपेक्षा ३ ते ५ अंशांनी अधिक गरम होऊ शकतो. म्हणून खोलीचे तापमान १८ अंश आहे, याचा अर्थ बिअर १८ अंशांवर आहे असा होत नाही. ती २२ वर पोहोचलेली असू शकते. उत्तम उपाय म्हणजे तापमान नियंत्रक जोडलेला जुना फ्रिज. नियंत्रकाचा संवेदक फर्मेंटरच्या बाहेरच्या भिंतीला, द्रवाच्या पातळीच्या मध्यावर चिकटवावा आणि त्यावर फोमचा जाड तुकडा दाबून बांधावा, म्हणजे तो फ्रिजमधील हवेचे नव्हे, तर बिअरचे तापमान मोजेल. फ्रिज नसल्यास फर्मेंटर पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात ठेवून गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलाव्यात. हा उपाय कष्टाचा आहे, पण चालतो. पाण्याचा मोठा साठा तापमान एकदम वरखाली होऊ देत नाही.

यीस्टची निवडही याच वेळी करावी. प्रत्येक लागर यीस्ट उबदार तापमान सोसत नाही. काही जाती १५ अंशांच्या वर गेल्या की गंधकाचा किंवा सॉल्व्हंटसारखा वास सोडतात. पहिल्यांदा करणाऱ्याने सॅफलागर डब्ल्यू-३४/७० हे कोरडे यीस्ट घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्पादकाने त्यासाठी १२ ते १८ अंशांचा पल्ला सांगितला आहे आणि आपल्याला नेमके त्याच्या वरच्या टोकाला काम करायचे आहे. २० लिटरसाठी ११.५ ग्रॅमची दोन पाकिटे लागतात. एका पाकिटात भागवण्याचा मोह टाळावा. एवढ्या घट्ट वॉर्टमध्ये यीस्ट कमी पडले की ते अर्ध्यात थकते आणि बिअर गोडमिट्ट राहते.

तपासणी: फर्मेंटरमध्ये २० लिटर साधे पाणी भरून ते दोन दिवस १८ अंशांवर स्थिर ठेवता येते का, हे बिअर करण्याच्या आदल्या आठवड्यात पाहावे. साध्या पाण्याला जे जमत नाही, ते स्वतः तापणाऱ्या बिअरला मुळीच जमणार नाही.

## टप्पा २: साहित्य आणि पाणी

धान्य आणि साखर पुढीलप्रमाणे:

- फिका पेल माल्ट: ४.६ किलो
- गडद क्रिस्टल माल्ट, ३०० ईबीसीच्या (रंगाच्या एककाच्या) आसपासचा: ४०० ग्रॅम
- चॉकलेट माल्ट: २५० ग्रॅम
- टरफल काढलेला काळा माल्ट: २०० ग्रॅम
- गडद तपकिरी साखर: ५०० ग्रॅम
- कडवटपणासाठी हॉप्स (एका वेलीची कडू फुले): प्रमाण टप्पा ५ मध्ये

या यादीत भाजलेली बार्ली नाही, आणि ते जाणूनबुजून आहे. भाजलेल्या बार्लीची कॉफीसारखी करकरीत, कोरडी चव आयरिश धाटणीच्या स्टाउटला शोभते. येथे ती गोडव्याशी भांडते. टरफल काढलेला काळा माल्ट रंग देतो, पण जळकट तुरटपणा आणत नाही. तो मिळाला नाही तर साध्या काळ्या माल्टचे प्रमाण १२० ग्रॅमपर्यंत उतरवावे आणि रंग थोडा कमी येऊ द्यावा. लॅक्टोजही यादीत नाही. लॅक्टोजचा गोडवा दुधाळ आणि सपाट असतो. त्याच्याने फळांचा गंध झाकला जातो.

साखरेबद्दल उलट शंका विचारली जाते: गोड बिअर हवी असेल, तर पूर्णपणे आंबून जाणारी साखर का घालायची? साखरेने मद्यांश वाढतो, पण अंग जड होत नाही. केवळ माल्टवर १.०६४ गाठले, तर ही बिअर दुसऱ्या ग्लासाआधीच तोंडाला बसते. गडद साखरेतील काकवीचा अंश रमसारखी छटाही देतो. मात्र ५०० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, कारण त्यानंतर बिअर पातळ लागते आणि मद्याचा चटका उघडा पडतो.

एकूण पाणी सुमारे ३२ लिटर लागेल. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असेल, तर आदल्या रात्री पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची, म्हणजे कॅम्पडेनची, अर्धी गोळी कुटून त्यात विरघळवावी. हे टाळले तर क्लोरीन आणि माल्टमधील फिनॉल यांच्या संयोगातून औषधी पट्टीसारखा वास येतो आणि तो नंतर कशानेही जात नाही. पाणी अगदी मृदू असल्यास ५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घालावे. जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घालू नये. सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा टोकदार होतो, तर क्लोराइडमुळे माल्टचा गोलवा वाढतो.

माल्टचा अर्क वापरणाऱ्यांनी पेल माल्टऐवजी ३.५ किलो फिका द्रव अर्क घ्यावा आणि बाकीचे तिन्ही माल्ट कापडी पिशवीत बांधून ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास मुरवावेत. अंतिम घनता किती येईल, हे अर्काच्या बाबतीत आपल्या हातात राहत नाही, म्हणून टप्पा ६ मधील छोटी चाचणी त्यांनी तर अजिबात वगळू नये.

## टप्पा ३: मॅश, आणि काळे माल्ट शेवटी

मॅश म्हणजे भरडलेले धान्य गरम पाण्यात ठेवून त्यातील स्टार्चची साखर करणे. फिका माल्ट आणि क्रिस्टल माल्ट एकत्र भरडावेत. भरड अशी असावी की दाणे फुटलेले, पण टरफले बरीचशी अखंड राहिलेली दिसतील. पीठ झाले, तर गाळताना चोथा बसतो आणि वॉर्ट खाली उतरत नाही. चॉकलेट आणि काळा माल्ट वेगळे भरडून वेगळ्या डब्यात ठेवावेत.

१. मॅशच्या भांड्यात १६ लिटर पाणी ७४ ते ७५ अंशांपर्यंत तापवावे. धान्य साधारण २२ अंशांवर असेल, तर मिसळल्यावर मिश्रण ६८ अंशांवर स्थिरावते. भांडे थंड असेल, तर आधी गरम पाण्याने विसळून घ्यावे.

२. धान्य थोडे थोडे घालत ढवळावे. आत कोरडे गोळे राहू देऊ नयेत. गोळा वरून ओला दिसला, तरी फोडल्यावर आत कोरडे पीठ निघते आणि त्या पिठातील स्टार्च साखरेत उतरत नाही.

३. तापमान किमान तीन ठिकाणी मोजावे आणि मिश्रण ६८ ते ६९ अंशांवर ४५ मिनिटे झाकून ठेवावे.

४. पंचेचाळिसाव्या मिनिटाला चॉकलेट आणि काळा माल्ट वरून घालून हलकेच ढवळावे आणि आणखी १५ मिनिटे ठेवावे. तापमान अर्ध्या अंशाने उतरेल. त्याची चिंता नको.

काळे माल्ट मागाहून घालण्याला दोन कारणे आहेत. ते आम्लधर्मी असल्याने सुरुवातीलाच घातल्यास मृदू पाण्यात मॅशचा पीएच वाजवीपेक्षा खाली जाऊ शकतो. शिवाय तासभर गरम पाण्यात राहिल्यास त्यांतून तुरटपणा अधिक उतरतो. रंग आणि चॉकलेटची चव यायला पंधरा मिनिटे पुरेशी होतात.

तापमानाच्या बाबतीत येथे ६८ च्या खाली घसरू देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. इतर बिअरमध्ये ६५ की ६८ हा आवडीचा प्रश्न असतो, पण डब्ल्यू-३४/७० हे खादाड यीस्ट आहे आणि त्यातच आपण साखरही घालणार आहोत. मॅश ६५ वर झाला, तर अंतिम घनता १.०१० च्या आसपास जाते आणि बिअर काळी, पण कोरडी होते.

तपासणी: दहाव्या मिनिटाला दोन चमचे वॉर्ट बशीत काढून खोलीच्या तापमानाला आणावे आणि पीएच मोजावा. तो ५.३ ते ५.५ च्या दरम्यान असावा. गरम नमुन्यात पीएच मीटर बुडवल्यास आकडाही चुकतो आणि मीटरचे आयुष्यही कमी होते.

## टप्पा ४: वॉर्ट काढणे आणि चोथा धुणे

सुरुवातीचे दोन-तीन लिटर वॉर्ट गढूळ उतरते. ते हळुवारपणे परत चोथ्यावर ओतावे आणि नितळ धार लागली की उकळीच्या भांड्यात घ्यायला सुरुवात करावी. साधारण १०.५ लिटर मिळतील, कारण बाकीचे पाणी धान्य धरून ठेवते. नंतर ७५ अंशांचे १५.५ लिटर पाणी दोन हप्त्यांत चोथ्यावर घालून, ढवळून, दहा मिनिटे थांबून उतरवून घ्यावे. धुण्याचे पाणी ७७ अंशांच्या पुढे नेऊ नये आणि चोथा पिळू नये; टरफलांतील तुरटपणा त्यातूनच येतो.

तपासणी: भांड्यात २६ लिटर असावेत आणि नमुना २० अंशांपर्यंत थंड करून मोजलेली घनता १.०४६ च्या जवळ असावी. गरम वॉर्टमध्ये हायड्रोमीटर (घनता मोजण्याची तरंगती नळी) बराच कमी आकडा दाखवतो आणि त्यावर विश्वासून साखर वाढवणे ही नेहमीची चूक आहे. घनता खरोखरच १.०४२ किंवा त्याहून कमी असेल, तर हॉप्स घालण्यापूर्वी अर्धा तास जास्त उकळावे. साखरेने भरपाई करू नये.

## टप्पा ५: उकळ, हॉप्स आणि साखर

भांडे किमान ३५ लिटरचे असावे. पहिली उकळी फुटताना फेस झपाट्याने वर येतो, आणि हे चिकट, काळे द्रावण उतू गेले तर भाजण्याचा धोका असतो. त्या पाच मिनिटांत भांड्यापासून हलू नये.

हॉप्स फक्त एकदा, शेवटच्या ६० मिनिटांच्या सुरुवातीला घालावेत. प्रमाण काढण्याची सोपी रीत अशी: ३८० या संख्येला पाकिटावरील अल्फा आम्लाच्या (हॉप्समधील कडवटपणा देणाऱ्या घटकाच्या) टक्केवारीने भागावे, येईल ते उत्तर ग्रॅममध्ये घ्यावे. अल्फा १० टक्के असेल तर ३८ ग्रॅम, १२ टक्के असेल तर ३२ ग्रॅम. या आकारमानात आणि घनतेला यातून अंदाजे ३८ आयबीयू मिळतात. मॅग्नमसारखे स्वच्छ कडवटपणाचे हॉप्स योग्य ठरतात. शेवटच्या दहा मिनिटांत सुगंधी हॉप्स घालण्याची सवय असेल, तर ती येथे बाजूला ठेवावी. लिंबूवर्गीय किंवा पाइनचा वास या बिअरमध्ये परका वाटतो.

उकळ संपायला १० मिनिटे उरली की ज्योत पूर्ण बंद करावी, साखर हळूहळू घालून ती तळाशी उरलेली नाही असे लांब पळीने चाचपून पाहावे आणि मगच ज्योत पुन्हा पेटवावी. ज्योत चालू असताना घातलेली साखर तळाला बसून जळते. ती जळकी चव भाजलेल्या माल्टची समजून अनेक जण पुढच्या खेपेला काळा माल्ट कमी करतात आणि खरे कारण तसेच राहते.

सावधान: घरात कुत्रा असेल, तर उरलेले हॉप्स त्याच्या तोंडी लागणार नाहीत असे टाकावेत. हॉप्स कुत्र्यांसाठी विषारी असतात आणि त्यांच्या शरीराचे तापमान जीवघेणे वाढवू शकतात.

## टप्पा ६: थंड करणे, यीस्ट घालणे आणि बाजूला ठेवायची बाटली

उकळ संपल्यानंतर वॉर्टला जे जे स्पर्श करेल, ते आधी धुतलेले आणि नंतर निर्जंतुक केलेले असले पाहिजे. ही दोन वेगळी कामे आहेत. मळ असलेल्या पृष्ठभागावर निर्जंतुक द्रावण काम करत नाही. द्रावण किती वेळ लावून ठेवायचे, ते त्याच्या पाकिटावर दिलेले असते. तेवढा वेळ घड्याळ लावून पाळावा.

वॉर्ट १६ अंशांपर्यंत थंड करावे, २४ किंवा २५ अंशांवर यीस्ट घालून नंतर फ्रिज खाली उतरवेल अशा भरवशावर राहू नये. पहिल्या एक-दोन दिवसांत यीस्टची संख्या वाढत असताना जे तापमान असते, त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. गरम सुरुवातीतून येणारा नेलपॉलिशसारखा वास मुरवणीने जात नाही. थंड करण्याच्या साधनाने १६ अंश गाठता येत नसतील, तर झाकलेला फर्मेंटर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून यीस्ट सकाळी घालावे. भांडी नीट निर्जंतुक केलेली असतील, तर एवढ्या उशिराने बिघडत नाही.

भांड्याच्या तळाचा सुमारे दोन लिटर गाळ मागे ठेवून वॉर्ट फर्मेंटरमध्ये घ्यावे. फर्मेंटर २८ ते ३० लिटरचा असावा, कारण वर फेसाला जागा लागते. घनता मोजून नोंदवावी, ती १.०६२ ते १.०६६ च्या दरम्यान असेल तर उत्तम. एक चांगली चिमूट यीस्ट बाजूला ठेवून दोन्ही पाकिटे पृष्ठभागावर सर्वत्र भुरभुरावीत, पंधरा मिनिटे तशीच ओली होऊ द्यावीत आणि मग निर्जंतुक पळीने ढवळावे. कोरड्या यीस्टसाठी वॉर्टमध्ये मुद्दाम हवा मिसळण्याची गरज नसते. द्रव यीस्ट वापरत असल्यास मात्र ती मिसळावीच लागते.

आता या लेखातील सर्वांत कमी वेळ घेणारे आणि सर्वाधिक वेळा वगळले जाणारे काम. ढवळून झाल्यावर २०० मिलिलिटर वॉर्ट एका निर्जंतुक काचेच्या बाटलीत काढावे, त्यात बाजूला ठेवलेली कोरड्या यीस्टची चिमूट घालावी, तोंडावर फॉइल सैल बसवावे आणि बाटली २४ ते २५ अंशांवर ठेवून दिवसातून तीन-चार वेळा हलवावी. तीन-चार दिवसांत तिच्यातील आंबण्यासारखी सारी साखर संपते आणि तिची घनता, समजा १.०१५, हीच आपल्या मोठ्या फर्मेंटरने शेवटी गाठायची घनता असते. ही बिअर मुळातच गोड असल्याने, किण्वन पूर्ण झाले की अर्ध्यात अडकले, हे जिभेला कळत नाही. ही छोटी बाटली ते आधीच सांगते.

## टप्पा ७: किण्वन

पहिले १२ ते ३६ तास फारसे काही घडताना दिसत नाही. फेस धरला की नियंत्रक १८ अंशांवर न्यावा आणि तेथेच रोखून धरावा. यीस्ट स्वतः तापत असल्यामुळे या काळात त्याला थंड करावे लागते. तापवावे लागत नाही.

१८ हा आकडा दोन टोकांमधला आहे. १२ अंशांवर हेच यीस्ट जवळपास गंधहीन, नितळ काम करते आणि मग बिअरला सुकामेव्याची छटा येत नाही. २२ च्या वर फळांचा गंध वाढतो, पण त्याबरोबर घशाला लागणारी उग्र मद्यार्के वाढतात. पहिल्या खेपेस १८ च पाळावे. पुढच्या वेळी एक अंश वर-खाली करून स्वतःची आवड शोधता येईल.

एअरलॉकच्या (वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न घेणाऱ्या झडपेच्या) बुडबुड्यांवरून निर्णय घेऊ नयेत. झाकण किंचित सैल असले तर जोमदार किण्वनातही बुडबुडे दिसत नाहीत, आणि किण्वन संपल्यानंतरही खोली तापल्यास विरघळलेला वायू सुटून बुडबुडे येत राहतात. पाचव्या दिवसापासून घनता मोजावी. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणारे साधन) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की मद्यांश निर्माण झाल्यावर त्याचा आकडा थेट वाचता येत नाही. येथे हायड्रोमीटरच वापरावा.

घनता १.०२४ च्या आसपास आली की नियंत्रक २० अंशांवर न्यावा आणि किमान तीन ते चार दिवस तसाच ठेवावा. हे किण्वन संपायच्या आधी करायचे असते. यीस्ट तळाला बसून गेल्यावर तापवून उपयोग नाही, कारण डायसेटिल (किण्वनात तयार होणारा, लोण्यासारख्या वासाचा पदार्थ) शोषून घ्यायला द्रवात जागे यीस्ट उरलेलेच नसते.

घनता १.०२२ वर अडकली आणि छोट्या बाटलीने १.०१५ दाखवले असेल, तर फर्मेंटर हळुवार गोल फिरवून तळाचे यीस्ट वर आणावे, तापमान २१ अंशांपर्यंत नेऊन पाच दिवस थांबावे. त्यानेही हालचाल झाली नाही, तर दुसऱ्या एखाद्या वॉर्टमध्ये जोमात आलेले ताजे यीस्ट घालावे. अशा बिअरमध्ये थेट कोरडे यीस्ट टाकले, तर मद्यांशामुळे ते बऱ्याचदा जागेच होत नाही.

## टप्पा ८: डायसेटिलची चाचणी

दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सारखे आले आणि ते छोट्या बाटलीच्या आकड्याच्या एक-दोन अंकांत (म्हणजे ०.००१ ते ०.००२ च्या फरकात) असले, म्हणजे किण्वन संपले. तरीही लगेच थंड करू नये. साधा नमुना हुंगून लोणी-टॉफीचा वास आला नाही, म्हणून निश्चिंत होता येत नाही. डायसेटिल ज्या पदार्थापासून बनते, त्या पदार्थाला स्वतःला वास नसतो आणि तो बाटलीत गेल्यावर आठवड्यांनी रंग दाखवतो.

म्हणून दोन छोट्या पेल्यांत थोडी थोडी बिअर घ्यावी आणि दोन्हींवर फॉइल लावावे. एक पेला खोलीत ठेवावा, दुसरा ६० ते ७० अंशांच्या गरम पाण्यात २० मिनिटे बसवावा आणि नंतर पहिल्याच्या तापमानाला थंड करावा. फॉइल उचलताच दोन्ही लागोपाठ हुंगावेत. गरम केलेल्या पेल्यात वितळलेल्या लोण्याचा वास येत असेल, तर फर्मेंटर २० अंशांवर आणखी तीन दिवस ठेवून चाचणी पुन्हा करावी. काळ्या बिअरमध्ये हा दोष टॉफीच्या नावाखाली सहज लपतो, त्यामुळे हुंगताना स्वतःशी प्रामाणिक राहणे आवश्यक आहे.

## टप्पा ९: थंड मुरवण

चाचणी पार पडल्यावर तापमान दिवसाला २ ते ३ अंशांनी उतरवत २ ते ४ अंशांवर आणावे आणि तीन आठवडे ठेवावे. तापमान उतरताना फर्मेंटरमधील हवा आकसते आणि एअरलॉकमधील द्रव आत ओढला जातो. म्हणून एअरलॉक काढून निर्जंतुक घट्ट बूच बसवावे, किंवा एअरलॉकमध्ये अगदी थोडाच द्रव ठेवावा. या काळात झाकण उघडून चव पाहण्याचा मोह आवरावा. ऑक्सिजनमुळे सुकामेव्याची चव ओल्या पुठ्ठ्याकडे झुकते.

## टप्पा १०: बाटल्या भरणे

साखरेचा हिशेब येथे सर्वाधिक चुकतो. ऑनलाइन गणकयंत्रे ‘बिअरचे तापमान’ विचारतात आणि बिअर ३ अंशांवर असल्याने लोक ३ लिहितात. विचारलेले असते ते किण्वन संपताना बिअरने गाठलेले सर्वाधिक तापमान, म्हणजे आपल्याकडे २० अंश. त्या तापमानाला बिअरमध्ये सुमारे ०.८६ आकारमान (बिअरच्या आकारमानाच्या पटीत) कार्बन डायऑक्साइड वायू शिल्लक असतो. आपल्याला २.३ आकारमान हवा आहे, तेव्हा उरलेल्या १.४४ साठी लिटरला साधारण ५.५ ग्रॅम पांढरी साखर, म्हणजे १९ लिटरसाठी १०५ ग्रॅम. ३ अंश लिहिल्यास गणकयंत्र बरीच कमी साखर सांगते आणि बिअर निपचित राहते.

१०५ ग्रॅम साखर २०० मिलिलिटर पाण्यात पाच मिनिटे उकळून, थंड करून भरणीच्या भांड्यात ओतावी आणि बिअर तिच्यावर नळीने, शिंतोडे न उडवता घ्यावी. नंतर निर्जंतुक पळीने अगदी सावकाश दोन-तीनदा फिरवावे. केवळ प्रवाहाने साखर समान मिसळेल, हा समज काही बाटल्या सपाट आणि काही कारंज्यासारख्या निघण्याचे कारण ठरतो. बाटल्यांत वर तीन सेंटिमीटर जागा सोडावी. एक बाटली प्लॅस्टिकची भरावी. ती दाबून पाहिल्यावर वायू कितपत धरला आहे, ते काच न उघडता कळते.

सावधान: अंतिम घनता छोट्या बाटलीच्या आकड्यापेक्षा २ अंकांहून अधिक वर असेल, तर बाटल्या भरू नयेत. उरलेली साखर बाटलीत आंबते आणि काच फुटते. फक्त दाब सहन करणाऱ्या बिअरच्या बाटल्याच वापराव्यात. प्लॅस्टिकची बाटली दगडासारखी टणक लागू लागली, तर सर्व बाटल्या ताबडतोब थंड कराव्यात. त्या हाताळताना जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा असावा.

भरलेल्या बाटल्या अंधारात २० अंशांच्या आसपास उभ्या ठेवाव्यात. थंड मुरवणीनंतर द्रवात यीस्ट कमी उरलेले असते, त्यामुळे वायू धरायला दोनऐवजी तीन आठवडे लागू शकतात. चौथ्या आठवड्यात एक बाटली उघडून पाहावी. त्या वेळी मद्याचा चटका थोडा पुढे आणि गोडवा मागे वाटला, तर बाकीच्या बाटल्या थंड जागी हलवून आणखी सहा आठवडे थांबावे. चव कोरडी वाटली, तर पुढच्या खेपेला मॅश एका अंशाने वर न्यावा. कडवटपणा खुपला, तर हॉप्स पाच ग्रॅमने कमी करावेत. फळांचा गंध कमी पडला, तर किण्वन १९ अंशांवर करावे. एका खेपेला यांपैकी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशामुळे काय बदलले, ते नोंदवहीत स्पष्ट दिसेल.